बावीस-ऑफचा उंचवटा

आमच्या तळ्यावरची जुनी बोट गेल्या सप्टेंबरात वारली. इंजिन ठणठणीत होतं. ते ज्या लाकडी तुळयांवर बसवलं होतं त्या आतून कुजल्या होत्या. वरून फायबरचं कवच गुळगुळीत, आणि आत ओला भुसा. इंजिनाचे बोल्ट हाताने फिरायला लागले तेव्हा आमच्या लक्षात आलं. ऐंशीच्या दशकातल्या बोटीकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार?

अटलांटाच्या दक्षिणेला एका लहान तळ्यावर आम्ही चार घरं मिळून हा वॉटर स्कीचा, म्हणजे बोटीमागे दोर धरून पाण्यावर घसरत जायचा, नाद करतो. चारांपैकी मराठी घर आमचं एकच. हिशोब माझ्याकडे असल्यामुळे नवी बोट शोधायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. नवी टूर्नामेंट, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची, बोट घ्यायची तर एक लाख डॉलरच्या वर जावं लागतं, म्हणजे तो विषय आमच्यापुरता संपला. वापरलेली, पण या दशकातली किंवा मागच्या दशकातली, पन्नास-पंचावन्न हजारांत बसणारी हवी होती.

बाजारात खऱ्या अर्थाने तीनच नावं उरली आहेत: नॉटिक, मास्टरक्राफ्ट आणि मालिबू. एकेकाळी टोयोटासुद्धा 'एपिक' नावाची स्की बोट बनवत असे. आता स्पर्धेचा दोर ओढणाऱ्या बोटी म्हटलं की या तिघींकडेच बघायचं. तिघींच्या जाहिराती वाचल्या तर जगातली सगळ्यात सपाट वेक प्रत्येकीचीच. वेक म्हणजे बोटीच्या मागे उठणारी ती दुहेरी लाट. स्की करणाऱ्याला एका फेरीत ती सहा-सात वेळा ओलांडावी लागते. सगळं भांडण या लाटेचं आहे, बाकी सगळं रंग आणि स्पीकर.

मार्चमध्ये रत्नागिरीहून सासरे आले. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. मिरकरवाडा बंदरावर मच्छीमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. पाडवा झाला, एप्रिलची सुटी लागली आणि बायको, पंधरा वर्षांची लेक, अप्पा आणि मी असे चौघे निघालो. सामानात आमचा स्वतःचा दोर होता. दोर नवा-जुना असला की त्याचा ताण बदलतो, आणि तीन बोटींना तीन दोर लावून तुलना करणं म्हणजे तीन तराजूंवर भाजी मोजणं.

पहिला दिवस : अटलांटा ते व्होनोर

पंचाहत्तर नंबरचा हायवे धरून उत्तरेला चॅटनुगा आणि तिथून पुढे पूर्व टेनेसी. साडेतीन तासांचा रस्ता. डोंगरउतारावर रेडबडची जांभळट-गुलाबी फुलं फुटलेली होती; अप्पांना ती लांबून कांचनासारखी वाटली.

या भागाची गंमत अशी की तिघींपैकी दोघी एकमेकींपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. मास्टरक्राफ्ट १९६८ मध्ये इथल्याच मेरीव्हिलला घोड्यांच्या तबेल्यात सुरू झाली. आता कारखाना व्होनोरला आहे. मालिबूचा जन्म १९८२ चा, कॅलिफोर्नियातल्या मर्सेडचा, पण आज तिचं घर शेजारच्या लाउडनला. तिसरी, नॉटिक, फ्लोरिडात ऑरलँडोला. आमच्या प्रवासाचा नकाशा त्यावरूनच ठरला होता.

संध्याकाळी वेळ होता म्हणून व्होनोरमधलं सिक्वोया या चेरोकी (इथली एक मूळ रहिवासी जमात) माणसाचं संग्रहालय बघितलं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, धंदा चांदीकामाचा, आणि तरी त्याने १८२१ पर्यंत आपल्या भाषेसाठी आख्खी लिपी तयार केली. एकेका अक्षरात व्यंजन आणि स्वर एकत्र, म्हणजे आपल्या बाराखडीतल्या प्रत्येक अक्षराला वेगळं चिन्ह. लेकीने तक्ता बघून सगळ्यांची नावं लिहायला घेतली आणि अडली. चेरोकीत 'प' नाही, 'ब'ही नाही. अप्पा लिहिता येईना, आजोबा नाही, बाबा नाही. 'आई' मात्र दोन अक्षरांत झकास लिहिता आलं. बायको रात्रीपर्यंत खुशीत होती.

समोर टेलिको जलाशय. हे धरण पूर्ण व्हायला आलेलं असताना एका बोटभर माशाने, स्नेल डार्टरने, अडवलं होतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माशाच्या बाजूने निकाल दिला. मग संसदेने खास सूट देऊन १९७९ मध्ये पाणी अडवलंच. टेनेसी हे नाव ज्या तनासी गावावरून पडलं ते गाव याच पाण्याखाली गेलं. अप्पा बराच वेळ काठावर उभे होते. "कोयनेखाली आमच्या आत्येचं गाव गेलं," एवढंच म्हणाले आणि गाडीत येऊन बसले.

दुसरा दिवस : टेलिकोचं पाणी

सकाळी एका विक्रेत्याने दोन बोटी पाण्यात उतरवून ठेवल्या होत्या. एप्रिलची सुरुवात, पाणी थंडगार. लेकीने ड्रायसूट चढवला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू थंडी मी आणली होती.

विक्रेता माणूस भला, पण बोटीबद्दल बोलण्याऐवजी पडद्यांबद्दल बोलत होता. या पडद्यावर हे दिसतं, त्या पडद्यावर ते. अप्पांना इंग्रजी कळतं, बोलायचा मात्र कंटाळा. त्यांनी थेट मधल्या पेटीचं झाकण उघडायला सांगितलं.

टूर्नामेंट बोटीत इंजिन मधोमध असतं. तिथून लोखंडी शाफ्ट सरळ तिरका खाली जातो आणि बुडाखालच्या पंख्याला मिळतो. याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. वजन मध्यावर, त्यामुळे बोट मागे बसत नाही आणि लाट बुटकी राहते. दोर बांधायचा खांबही इंजिनापाशीच, जवळजवळ मध्यावर, म्हणून स्की करणाऱ्याने जोरात बाजूला खेचलं तरी बोटीचं शेपूट वळत नाही. दुसरा प्रकार व्ही-ड्राइव्ह: इंजिन मागे, शाफ्ट आधी पुढे येतो आणि गिअरमधून वळून पुन्हा मागे जातो. मधली जागा मोकळी, ऐसपैस सोफे, आणि मुद्दाम मोठी लाट. सर्फ करणाऱ्यांना तीच हवी. बायकोला मनातून व्ही-ड्राइव्ह हवी होती, कारण तिच्यात पाय पसरून बसता येतं. मी तिला दोष देत नाही. आमच्या बोटीत बसायचं म्हणजे गरम पेटीला गुडघे टेकवून बसायचं.

"हे तर मोटारीचं इंजिन," अप्पा म्हणाले. बरोबर होतं. तिन्ही कंपन्यांच्या आजच्या इंजिनांचा पाया जनरल मोटर्सच्या व्ही-८ चा. नॉटिकला पीसीएम, मास्टरक्राफ्टला इल्मोर आणि मालिबूला तिचं स्वतःचं मॉन्सून, अशी घरं फक्त वेगळी. मॉन्सून हे नाव ऐकून अप्पा पहिल्यांदा हसले. "पावसाळ्यात बोटी बंद ठेवतात आमच्याकडे," ते म्हणाले.

मग धक्क्यावरून बोट मागे घ्यायची वेळ आली. मी सुकाणू डावीकडे वळवून रिव्हर्स टाकला आणि बोट डौलात भलतीकडेच निघाली. अप्पा खांद्यामागून म्हणाले, "मागे जाताना ही सुकाणूचं ऐकत नाही, पंख्याचं ऐकते. पंखा जिकडे ढकलतो तिकडे शेपूट जाणार. ते आधी बघून ठेवा, मग त्याप्रमाणे धक्क्याला लावा." वीस वर्षं मी बोट चालवतोय. हे असं एका वाक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं.

लेकीने दोन्ही बोटींमागे दोन-दोन चकरा मारल्या आणि बाहेर येऊन म्हणाली, "दोन्ही छान आहेत." संपलं! दोनशे मैल येऊन हाती काय, तर दोन्ही छान आहेत. चूक आमचीच होती. उघड्या जलाशयात बोये, म्हणजे मार्ग दाखवणारे तरंगते गोळे, नाहीत, मासेमारीवाल्यांच्या लाटा येतायत, एका बोटीची टाकी गच्च भरलेली तर दुसरीची पाव. पेट्रोलच्या टाकीतला तेवढा फरकच सत्तर-ऐंशी किलोंचा होतो, म्हणजे एक जास्तीचा माणूस मागे बसवल्यासारखं. वर विक्रेता, त्याचा मदतनीस आणि आम्ही तिघे बोटीत. अशा परीक्षेत कोण नापास होणार?

तिसरा दिवस : नुसता रस्ता

सहाशे मैल दक्षिणेला. जॉर्जिया उभा चिरत गेलो. बकीज नावाच्या अवाढव्य पेट्रोलपंपावर अप्पांनी पंप मोजायला सुरुवात केली आणि ऐंशीच्या पुढे नाद सोडला. घरचे मेथीचे ठेपले मेकनच्या आसपास संपले. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

चौथा दिवस : ग्रोव्हलँडजवळचं तळं

टॅम्पात राहणाऱ्या एका मित्राच्या ओळखीने हा योग जुळून आला. फ्लोरिडाच्या मध्यभागात, क्लेरमाँट-ग्रोव्हलँडच्या बाजूला, फक्त स्कीसाठी खणलेली खासगी तळी आहेत. भोवती दहा-बारा घरं आणि घरटी एक बोट. या तळ्यावर तिन्ही कंपन्यांच्या बोटी होत्या, आणि त्यांचे मालक आपापल्या बोटीवरून एकमेकांशी बारा महिने भांडत असल्यामुळे एका परक्या मुलीकडून निकाल लावून घ्यायला तिघेही एका पायावर तयार झाले.

असं तळं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा तर कालवा! लांब आणि अरुंद. काठ उतरते आणि गवताचे, म्हणजे लाट काठावर चढून मरते, परत येत नाही. दोन्ही टोकांना छोटी बेटं. बोट त्यांना वळसा घालून परत फिरते आणि स्वतःच्याच लाटांवर आदळत नाही. पाणी सकाळी साडेसातला आरशासारखं. पलीकडच्या काठावर एक मगर उन्हात पडली होती. मालक म्हणाले, ती कुणाच्या वाटेला जात नाही. बायकोने त्यानंतर पाण्यात पाय घातला नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. स्लॅलमचा मार्ग २५९ मीटरचा. बोट मधून सरळ जाते, २.३ मीटर रुंदीच्या बोयांच्या जोड्यांमधून. स्की करणाऱ्याला मात्र सहा बोयांना बाहेरून वळसा घालायचा असतो, तीन डावीकडे, तीन उजवीकडे, आणि प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून ११.५ मीटर लांब. ताशी ५२ किलोमीटरला एका बोयापासून पुढच्यापर्यंत तीन सेकंदही मिळत नाहीत. सगळे बोये जमले की वेग वाढवायचा. वयोगटाचा सगळ्यात वरचा वेग गाठला की मग दोर आखूड करत जायचं. मूळ दोर ७५ फुटी धरतात, म्हणून '२२-ऑफ' म्हणजे त्यातून बावीस फूट कापलेला, सोळा मीटरचा. वाघांचा दोर ११.२५ मीटरवर येतो, म्हणजे बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर हात आणि आडवं अंग पुरवतं.

आता लाटेची भानगड. दोर लांब असतो तेव्हा लाट ओलांडायची जागा बोटीपासून दूर असते, तिथे लाट पसरलेली, मवाळ. दोर अगदी आखूड झाला की बोटीच्या इतकं जवळून जायचं की लाट अजून उठलेलीच नसते. मधे, त्या बावीस फुटांच्या आसपास, एक ओंगळ जागा आहे. दोन्ही बाजूंच्या लाटा आणि मधला फवारा तिथे एकमेकांत मिसळतात आणि पाण्यात कडक उंचवटा तयार होतो. वेग कमी असेल तर बोट पाण्यात जास्त रुतते आणि तो आणखी वाढतो. जागतिक विजेते ५८ च्या वेगाने ११ मीटरवर बोटीची स्तुती करतात ती खरीच असते, पण त्यांना हा उंचवटा लागतच नाही. आमच्या लेकीला तो रोज लागतो. १८.२५ मीटरवर ५२ चा वेग ती पुरा करते. सरावाला म्हणून दोर सोळावर आणायला लागली आहे. इथेच घोडं पेंड खातं.

तर तीन बोटी. पांढरी, निळी आणि लाल. कुठली कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही. एकेका मालकाच्या एकेका बोटीवरून, एका सकाळी, आख्ख्या कंपनीला मार्क देणं बरोबर नाही. पंखा बदलला तरी बोटीचा स्वभाव बदलतो.

आदल्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या नियम ठरवले होते. दोर आमचा. तिन्हींत पाव टाकी. बोटीत दोनच माणसं, चालवणारा आणि मागे बघणारा. तिन्ही बोटींना चालवणारा एकच. वेग धरून ठेवणारी झिरो-ऑफ नावाची यंत्रणा तिन्हींत होती. ती जीपीएसवर चालते. स्की करणारा खेचतो तेव्हा इंजिनाने किती लवकर आणि किती जोराने उलट उत्तर द्यायचं ते एक अक्षर आणि एक आकडा निवडून ठरवतात. तिन्हींत मधला बी-२ ठेवला. मालकांपैकी एकाला आपली आवडती सेटिंग ठेवायची होती, त्याला बाकीच्या दोघांनी गप्प बसवलं.

शेवटची सूचना अप्पांची. "पोरीला कुठली आवडली म्हणून विचारू नका. काल विचारलंत, काय मिळालं? धक्का कुठे बसला ते विचारा. घोट्यात, गुडघ्यात की कमरेत." मिरकरवाड्याला खलाशी येऊन म्हणायचे, इंजिन बरोबर नाही. त्यावरून काय कळणार? "आवाज कुठून येतो, पायाला लागतो की कानाला, ते विचारलं की निम्मं काम झालं." दुसरी गोष्ट, पहिली बोट शेवटी पुन्हा आणायची. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माणूस दमतो हो."

प्रत्येक बोटीमागे चार फेऱ्या. दोन १८.२५ वर, दोन सोळावर. मधे वीस मिनिटं विश्रांती. मी वहीत लिहीत होतो.

पांढरी: लांब दोरावर काही नाही. सोळावर "घोट्यात, थोडंसं". निळी: लांब दोरावर पांढरीपेक्षाही मऊ, पण सोळावर डावीकडून उजवीकडे जाताना "गुडघ्यात", आणि उजवीकडून डावीकडे कमी. हा एकाच बाजूचा फरक तिने आपणहून सांगितला. अशी बारीक तक्रार कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाही. लाल: दोन्हीकडे सारखा, "घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली". शेवटी पांढरी पुन्हा. तिसऱ्या फेरीत, सोळावर, लेक म्हणाली, "गुडघ्यात."

सकाळी घोट्यात आणि आता गुडघ्यात, बोट तीच, दोर तोच. अप्पा काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्या वहीकडे बघितलं. म्हणजे लालला मिळालेल्या उत्तरातही थोडा थकवा मिसळलेला असणार. तिसऱ्या क्रमांकावर आल्याबद्दल तिला काही सूट द्यायला हवी होती. मी ती दिली आणि लाल आणि पांढरी जवळजवळ शेजारी येऊन बसल्या.

मग मी उतरलो. माझं वय सत्तेचाळीस, वेग ४६, दोर लांबच्या लांब. मला तिघींपैकी सगळ्यात बरी निळी वाटली, जी लेकीला सगळ्यात नकोशी होती. माझा मुद्दा तिथल्या तिथे रद्द झाला. "तू वर्षातून किती वेळा स्की करतोस?" बायकोने विचारलं. तळ्यावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची गरज नव्हती.

खरी भर तिनेच घातली. तळ्यावर लेकीला ओढणारी तीच असते, मी बहुतेक वेळा धक्क्यावर गप्पा मारत असतो. तिने तिन्ही बोटी चालवल्या, मागे लेक. स्की करणारा बोयापासून सुटून मधे झेपावतो तेव्हा बोटीला बाजूला हिसका बसतो आणि चालवणाऱ्याला ती २.३ मीटरच्या फटीत धरून ठेवावी लागते. बुडाखाली असलेल्या स्थिर, न फिरणाऱ्या पात्यांवर बरंच अवलंबून असतं. लाल बोट तिच्या हातात रुळावर असल्यासारखी गेली. पांढरीला प्रत्येक हिसक्याला किंचित उत्तर द्यावं लागलं. "ही स्वभावाने नवऱ्यासारखी आहे," ती म्हणाली, "सारखं सरळ करावं लागतं." मालकांना भाषांतर करून सांगितलं नाही.

म्हणजे निकाल असा: लेकीची पांढरी, बायकोची लाल, माझी निळी. अप्पांना विचारलं तर म्हणाले, तिघींचीही इंजिनं नीट ठेवलेली आहेत.

पाचवा दिवस : विंटर हेवन

सकाळी विंटर हेवनला. हा खेळ तसा मिनेसोटाचा. १९२२ च्या जुलैत लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने पाइनच्या फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात वाकवून त्यांवर उभं राहून दाखवलं. पण त्याचा तमाशा केला तो विंटर हेवनने. डिक पोपने १९३६ मध्ये सायप्रेस गार्डन्स ही बाग उघडली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे सैनिकांसमोर स्कीचे खेळ सुरू झाले. स्कीशिवाय, अनवाणी पाण्यावर धावायची सुरुवात इथलीच, १९४७ ची. २०११ पासून तिथे लेगोलँड आहे. जुनी बाग तेवढी राखली आहे. लेक एलोइसच्या काठावर पाचेक मिनिटं थांबलो, कारण तिकीट काढून आत जायला वेळ नव्हता.

दुपारी वापरलेली बोट बघायची होती. पांढरीच्याच कंपनीची, पण आधीच्या पिढीची. इथे एक सापळा आहे. कंपन्या दर काही वर्षांनी बुडाचा साचा बदलतात, नाव तेच ठेवतात. काल ज्या बोटीमागे परीक्षा घेतली तिचं प्रमाणपत्र या बोटीला लागू होत नाही. म्हणून पाण्यात उतरवून लेकीच्या चार फेऱ्या पुन्हा, त्याच दोरावर. सोळावर: "घोट्यात." आणि बायकोच्या हातात ती कालच्या पांढरीपेक्षा सरळ गेली. नव्या पिढीत सगळंच सुधारतं असं नाही.

मग अप्पा कामाला लागले. हा भाग मला जन्मभर लक्षात राहील. त्यांनी आधी गालिचा उचलून इंजिनाच्या पायाशी बोटाच्या सांध्यांनी ठोकून बघितलं. या बोटीत लाकूड नव्हतं, पण जुन्या बोटीची कथा त्यांनी ऐकली होती. खांबाच्या बुडाशी फायबरला केसाएवढ्या चिरा आहेत का, ते टॉर्च तिरका धरून. पंख्याच्या पात्यांच्या कडांवरून बोट फिरवलं, एका पात्याला दात पडला होता. पंखा हाताने वर-खाली हलवून बेअरिंगचा खेळ बघितला. जाहिरातीत ४१० तास लिहिले होते. इंजिनाच्या संगणकाला विचारलं तर ४१२. मालक प्रामाणिक निघाला. उत्तरेकडच्या बोटींत हिवाळ्यात ब्लॉकमध्ये पाणी राहून गोठतं आणि ओतीव लोखंड तडकतं, ती भीती फ्लोरिडात नव्हती. त्याऐवजी उन्हाने सीटची शिवण उसवली होती.

शेवटी खिशातून त्यांनी फीलर गेज, म्हणजे बारीक फटी मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, काढलं. रत्नागिरीहून आणलेलं! तेल लावून रुमालात गुंडाळून, सामानाच्या बॅगेत. इंजिनाची आणि शाफ्टची चकती जिथे एकमेकींना भिडतात तिथल्या फटीत पात्या सारत चारी बाजूंनी मापलं.

"आठ थाऊ," ते म्हणाले. "तीनच्या वर चालत नाही. असंच पळवलं तर बेअरिंग खाऊन टाकेल."

मालकाने तेच माप इंचाच्या हजारांशात ऐकलं आणि मान डोलावली. त्याच्या पुस्तकातही तीनच होतं. पात्याचा दात, सीट आणि आठ थाऊ मिळून चोपन्न हजारांचे साडेपन्नास झाले. मी तिथेच अलाइनमेंट करून द्या, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणून द्या म्हणालो तर अप्पांनी मला गप्प केलं. बोट तेव्हा ट्रेलरवर चढवलेली होती. "पाण्याबाहेर कसली अलाइनमेंट? लाकडाची असो नाहीतर फायबरची, पाण्यात बसली की बुडाला वेगळा बाक येतो. घरी नेऊन करू."

सहावा दिवस आणि त्यापुढचा शनिवार

बोट ओढत घरी. मागे तीन हजार पौंडांचं धूड असल्यावर जॉर्जियातले उतार अचानक दिसायला लागतात. बकीजला यावेळी थांबलो नाही, वळवणार कुठे?

शनिवारी चारही घरं तळ्यावर जमली. बोट पाण्यात, धक्क्याला बांधलेली. लाडू, सँडविचेस आणि कॉफी निघाली, आणि अप्पा इंजिनाच्या पेटीत कमरेपर्यंत शिरलेले. पायाचा नट अर्धा आटा फिरवायचा, फट मापायची, पुन्हा पाव आटा. एक तास गेला. लेक स्की घालून धक्क्याच्या कडेला पाण्यात पाय सोडून बसली होती.

"आजोबा, किती?"

"पाच."

मग बराच वेळ काही नाही. एका घरच्या मुलाने मधेच विचारलं, आता सुरू करू या का? बायकोने त्याला नुसतं डोळ्यांनी बसवलं.

"आता?"

"चार. एका बाजूला तीन."

साडेअकराला ते बाहेर आले, हात पुसले, फीलर गेज पुसून रुमालात गुंडाळलं. बायको सुकाणूवर बसली, मी मागे बघायला. दोर सोळा मीटरवर, वेग ५२. लेक फाटकातून आत शिरली, पहिला बोया, दुसरा, तिसरा, आणि मग पाण्याचा एक मोठा फवारा.

वळून तिच्यापाशी गेलो. डोकं वर आलं, केसांतून पाणी गळत होतं. मी आधी विचारलं, लागलं का कुठे? नाही. मग विचारलं, उंचवटा कसा होता?

"कुठला उंचवटा?" ती म्हणाली. "मी चौथा बोयाच चुकले. दोर द्या इकडे."